स्टिल: सहा घोडे, ४६ किलो ते ६ किलो (एका लाकूडतोड मशीनवाल्या कंपनीची शंभर वर्षं)

वाडीवाला

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लॉकडाऊनमुळे मी श्रीवर्धनला काकांकडेच अडकलेलो. त्या दुपारी काय झालं ते कोकणातल्यांना सांगायला नको. संध्याकाळी दार उघडायला गेलो तर उघडेचना, बाहेरून फणस टेकलेला. वाडीतल्या सुपाऱ्या काड्यापेटी सांडावी तशा एकमेकींवर पडलेल्या. लाईट गेले ते गेलेच. कुऱ्हाड, कोयता आणि आजोबांच्या वेळची करवत घेऊन आम्ही तिघं त्या एका फणसाशी दीड दिवस झटलो, हाताला फोड आले, फणस जागचा हलला नाही. मग वरच्या आळीतला एक जण खांद्यावर नारंगी-पांढरं मशीन टाकून आला. कानाला बिडी, पण पेटवलेली नाही, पेट्रोल भरताना फार जपायचा तो. दोरी तीनदा ओढली, चौथ्यांदा ते खेकसलं, आणि काकूच्या चहाला उकळी फुटायच्या आत बुंध्याचे चार तुकडे.

मशीनवर नाव होतं स्टिल. काका म्हणाले, "स्टीलचंच असणार, लाकडाचं थोडंच असतंय."

तर काका, ते माणसाचं आडनाव आहे. आंद्रेआस स्टिल. जन्म १८९६ चा, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचा, पण शिकला जर्मनीत आणि १९२६ साली स्टुटगार्टमध्ये स्वतःचं दुकान थाटलं. सुरुवातीला वाफेच्या बॉयलरला लागणारं सामान पण बनवायचा. पण डोक्यात एकच किडा, की झाड तोडून, ओढत आणून करवतीपाशी न्यायचं याच्याऐवजी करवतच झाडापाशी का नेऊ नये? पहिलं मशीन त्याच साली बनवलं, विजेवर चालणारं, धरायला दोन माणसं. आता जंगलात प्लग कुठे लावायचा हा प्रश्न तुम्हाला मला पडतो तसा त्यालाही पडला असणार, कारण १९२९ ला पेट्रोलचं मशीन आलं. सहा हॉर्सपॉवर, वजन ४६ किलो. म्हणजे सिमेंटची गोणी ५० ची असते, जवळपास तेवढं ओझं दोघांनी दोन बाजूंनी धरायचं, मधे साखळी फिरतेय, डोंगर उताराचा, पायाखाली पालापाचोळा. तरी खपलं. १९३१ पर्यंत अमेरिका आणि रशियाला माल जायला लागलेला, तो पण महामंदीच्या काळात.

मग युद्ध झालं, स्टुटगार्टच्या कान्श्टाट भागातला कारखाना बॉम्बमध्ये गेला, बिऱ्हाड शेजारच्या वाइब्लिंगेनला हललं, ते आजतागायत तिथेच आहे.

१९५० ला 'बीएल' आलं, एका माणसाने चालवायचं, १६ किलो. १९५४ ला 'बीएलके', ११ किलो, त्या अक्षरांचा अर्थच पेट्रोलवर, हलकं, लहान असा. आणि १९५९ ला आलं 'कॉन्ट्रा', ज्याने कंपनीचं नशीब पालटलं. वजन १२ किलो, ताकद सहा हॉर्सपॉवर.

आता इथे जरा थांबा. १९२९ ला सहा घोडे, ४६ किलो. १९५९ ला घोडे तेवढेच, वजन १२. तीस वर्षं लागली पण चौतीस किलो उतरवले. मला या कंपनीची सगळी गोष्ट या दोन आकड्यांत दिसते. बाकी सगळा तपशील या वजनाचं काय केलं एवढाच आहे.

हे कसं जमलं ते मेकॅनिकल वाल्यांनी सांगावं, मी बीकॉम.

निवांत

मस्त लिहिलंय. काकांचा डायलॉग भारी. वाचतोय.

टू_स्ट्रोक

बीकॉमने बोलावलं म्हणून आलो :)

वजन दोन-तीन गोष्टींनी उतरलं. पहिली म्हणजे कार्ब्युरेटर. जुन्या मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची एक वाटी असते आणि त्यात फ्लोट तरंगतो. गाडी आडवी झाली की पेट्रोल सांडतं, इंजिन घुसमटतं. गाडीला चालतं हो, गाडी आडवी पडली की तसंही प्रॉब्लेमच असतो. पण करवत तर आडवीच धरायची असते! झाड पाडताना पट्टी (जिच्याभोवती साखळी फिरते ती) आडवी, ओंडका कापताना उभी. म्हणून सुरुवातीच्या मशीनमध्ये इंजिन सरळ उभं ठेवायचं आणि पट्टी तेवढी फिरवायची सोय असायची, त्याचा सांधा, गिअर, खटका, सगळं ओझंच. नंतर पडद्याचा म्हणजे डायफ्रामचा कार्ब्युरेटर आला, त्यात वाटीच नाही, रबराचा पातळ पडदा पेट्रोल मोजून आत सोडतो. उलटं धरा, आडवं धरा, चालू राहतं. फिरती पट्टी गेली.

दुसरी गोष्ट गिअर. जुनी इंजिनं आणि साखळी यांच्यामध्ये गिअरबॉक्स असायचा. कॉन्ट्राची खासियत हीच की गिअर काढून टाकला, क्लचच्या ड्रमलाच दातेरी चाक, त्यावर थेट साखळी. साखळीचा वेग एकदम वाढला आणि गिअरबॉक्सचं वजन शून्य.

तिसरी गोष्ट मॅग्नेशियम. इंजिनाची पेटी लोखंडाची नाही, मॅग्नेशियमची, जे ॲल्युमिनियमपेक्षा पण हलकं. स्टिलचा मॅग्नेशियम ओतायचा स्वतःचा कारखाना आहे जर्मनीत, प्र्यूम गावाजवळ, बाहेरच्या कंपन्यांना पण पार्ट करून देतात.

आणि तुमचे दोन आकडे आहेत ना, त्यात तिसरा घाला. २०१९ ला एमएस ५००आय आलं, कार्ब्युरेटरच नाही, कारसारखं फ्युएल इंजेक्शन, चेन सॉ मध्ये (म्हणजे या साखळीवाल्या करवतींत) जगात पहिलं. पाच किलोवॅट म्हणजे साधारण पावणेसात घोडे, वजन पट्टी-साखळी सोडून ६.२ किलो. ट्रिगर दाबला की पाव सेकंदात साखळी ताशी शंभर किलोमीटरवर.

वाडीवाला

४६, १२, ६. शीर्षक बदललं धाग्याचं. धन्यवाद टू_स्ट्रोकभाऊ.

खवट म्हातारा

लेख चांगला पण "मग युद्ध झालं" हे तीन शब्द फार स्वस्तात गेले हो तुमचे. हा आंद्रेआस स्टिल नाझी पक्षाचा सभासद होता आणि एसएस या नाझींच्या निमलष्करी संघटनेतही होता. युद्धकाळात त्याच्या कारखान्यात सक्तीने आणलेले मजूर राबत होते, आणि केएस ४३ नावाची करवत थेट जर्मन सैन्यासाठी बनत होती. सैन्याला करवत कशाला, तर पूल बांधायला, रस्ते मोकळे करायला, बंकरला लाकूड. युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी त्याला पकडून डांबला, १९४८ साली सुटला. बॉम्ब पडून कारखाना गेला एवढंच सांगितलं की वाचणाऱ्याला बिचारा वाटतो.

वाडीवाला

मान्य आजोबा. उरकलंच मी ते. तुमची पोस्ट राहू दे, वर मूळ लेखातही एक ओळ घालतो.

श्वाबियाकर

मी स्टुटगार्टजवळ राहतो, आठ वर्षं झाली, त्यामुळे हात शिवशिवले.

इथली एस-३ लोकल पकडली की आधी बाड कान्श्टाट लागतं, जिथे स्टिलचा जुना कारखाना होता, मग वाइब्लिंगेन, तिथे आत्ताचं हेडक्वार्टर, आणि पुढे विनेंडेन, जिथे ती पिवळी प्रेशर वॉशरवाली कार्शर कंपनी. म्हणजे एका तिकिटात अंगण झाडा, धुवा आणि झाड पाडा. बॉश आणि डाइमलर पण याच पट्ट्यातले. इथल्या श्वाबियन लोकांची चिकाटी आणि कंजूषपणा दोन्ही प्रसिद्ध आहेत, आपल्याकडे पुणेरी विनोद तसे इथे श्वाबियन विनोद. जिना झाडायचा आठवडा कुणाचा याची पाटी बिल्डिंगमध्ये दारोदार फिरते, चुकलात तर शेजारची आजी काही बोलत नाही, फक्त पाटी दोन वेळा वाजवते. अशा लोकांनी ३४ किलो उतरवले यात मला नवल वाटत नाही.

कंपनी अजून घरचीच आहे, शेअर बाजारात नाही. आंद्रेआसचा मुलगा हान्स पेटर आणि मुलगी एव्हा यांनी १९७० च्या दशकात कारभार हातात घेतला, म्हातारा १९७३ ला वारला. हान्स पेटर नंतर जर्मनीच्या उद्योग व्यापार मंडळाचा बरीच वर्षं अध्यक्ष होता. २००२ पासून रोजचा कारभार बाहेरचे मॅनेजर बघतात, पण वरच्या मंडळावर घरचा नातू निकोलास. २०२१ ला विक्री पाच अब्ज युरोच्या वर गेली आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास माल जर्मनीबाहेर.

अजून एक. इथे सरकारी जंगलातून सरपणाला लाकूड न्यायचं असेल ना तर आधी चेन सॉ चा कोर्स करावा लागतो, सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय लाकडाला हात नाही. मी केला दोन दिवसांचा, हौस म्हणून. पहिला दिवस मशीनला हातच नाही लावू दिला, नुसती पँट समजावली.

अनघा_

पँट?????

श्वाबियाकर

हो पँट! त्या पँटच्या आत समोरच्या बाजूला लांब लांब बारीक धाग्यांचे थर असतात. साखळी मांडीला लागली की वरचं कापड फाटतं आणि आतले धागे भसाभस बाहेर ओढले जातात, दातेरी चाकात गुंतून बसतात आणि साखळी जागेवर अडकते. हे सगळं डोळा मिटायच्या आत. मास्तरांनी एका ओंडक्याला जुनी पँट घालून करून दाखवलं, चाक उघडल्यावर आत कापूस पिंजल्यासारखा गोळा, आणि ओंडक्याला ओरखडा पण नाही. त्यानंतर वर्गात एकजण पण हाफ पँटवर आला नाही.

मु.पो.रत्नांग्री

आमच्याकडे लुंगी वर खोचून चालवतात. पायात स्लिपर.

डॉ_अमुक

त्यावर डॉक्टर म्हणून दोन शब्द, मी तालुक्याच्या गावी आहे आणि अशा केसेस येतात. पायापेक्षा पण भयंकर म्हणजे तोंड आणि खांदा. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला टेकला ना, की साखळी लाकडात घुसायच्या ऐवजी अख्खं मशीन वर आणि मागे उसळतं, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे. याला किकबॅक म्हणतात. म्हणून पुढच्या हँडलसमोर जो काळा पंजासारखा आडोसा असतो ना, तो फक्त हाताला फांदी लागू नये म्हणून नाहीये, तो ब्रेक आहे. मशीन उसळलं की मनगट त्याच्यावर आपटतं, किंवा नुसत्या झटक्यानेही तो पुढे ढकलला जातो आणि साखळी थांबते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टिलने हा ब्रेक आणला. आपल्याकडे "अडचण होते" म्हणून तो काढून टाकलेली मशीन मी डोळ्यांनी पाहिलीत.

दुसरं, पांढरी बोटं. सतत थरथरणारं हत्यार वर्षानुवर्षं धरलं की बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, थंडीत बोटं खडूसारखी पांढरी होतात, मुंग्या, मग बटण पण लावता येत नाही. १९५०-६० मध्ये मशीन हलकी झाली, वेगवान झाली, त्यामुळे लोक दिवसभर वापरायला लागले, आणि हा आजार जंगल कामगारांत दिसायला लागला. मग १९६० च्या दशकाच्या मध्यात हँडल आणि इंजिन वेगवेगळे करून मधे रबर घातले, मॉडेलच्या नावापुढे 'एव्ही' लागतं ते त्याचंच. वजन उतरवल्याने झालेला त्रास आहे हा एका अर्थी. ४६ किलोचं धूड कोण आठ तास धरणार होतं?

अवांतर: इंटरनेटवर "चेन सॉ चा शोध बाळंतपणासाठी लागला" असं फिरत असतं. अर्धंच खरंय. अठराव्या शतकाच्या शेवटी एटकिन आणि जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापायला हाताने ओढायची बारीक दातेरी साखळी वापरली होती, अडलेल्या बाळंतिणीचं ओटीपोटाचं हाड मोकळं करायलाही. पण ती दोन मुठी लावलेली साखळी, मोटर नाही काही नाही. तिथून थेट लाकडाच्या मशीनपर्यंत वंशावळ जोडणं म्हणजे जरा जास्तच झालं.

अनघा_

वाचलं नसतं तर बरं झालं असतं :(

टू_स्ट्रोक

आता साखळीचा विषय निघालाच आहे तर खरी वंशावळ सांगतो, आणि ती स्टिलची नाही, इमानदारीत सांगायला हवं.

जुन्या चेन सॉ ची साखळी म्हणजे आपल्या हातकरवतीचे दात साखळीवर चढवलेले. काही दात दोन्ही बाजूंनी ओरखडणारे, काही मधला भुसा खरवडून काढणारे. बोथट लवकर व्हायची आणि कानस मारायला अर्धा दिवस. अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता, १९४६ मध्ये त्याला एका ओंडक्यात भुंग्याची अळी दिसली. कच्चं, ओलं, सुकं, कसलंही लाकूड ती आरामात पोखरत होती, डावीकडे एक घास, उजवीकडे एक घास. त्याने ते जबडे निरखले आणि तशी साखळी केली, एक दात डावीकडे वळलेला, एक उजवीकडे, इंग्रजी सी अक्षरासारखे बाक असलेले. दात ओरखडत नाही, छिलका काढतो. १९४७ ला त्याने कंपनी काढली, तीच पुढे ऑरेगॉन. आज कुठल्याही कंपनीची साखळी घ्या, मूळ आकार तो अळीचाच.

घरी बघायचं असेल तर मशीन बंद करून खालचा भुसा हातात घ्या. धारदार साखळीचा भुसा किसलेल्या खोबऱ्यासारखा, जाडसर. बोथट झाली की गव्हाच्या पिठासारखा बारीक येतो आणि मशीन दाबून दाबून चालवावं लागतं. पिठ दिसलं की थांबा आणि गोल कानस मारा.

काडीकुट

"एका माणसाने चालवायचं पहिलं पेट्रोल मशीन स्टिलचं, १९५०" असं कंपनी सांगते, तुम्ही पण तसंच सुचवलंत. मॅकलॉक नावाच्या अमेरिकन कंपनीचं ३-२५ मॉडेल १९४९ चं, वजन २५ पौंड म्हणजे ११ किलोच्या आसपास. एक वर्ष आधी आणि पाच किलो हलकं. मग पहिलं कोण?

आणि पेट्रोलवरच्या चेन सॉ चाच विषय असेल तर जर्मनीतच एमिल लर्प नावाच्या माणसाने १९२७ ला डोल्मार डोंगरावर आपलं मशीन चालवून दाखवलं, स्टिलच्या दोन वर्षं आधी. डोंगराचंच नाव कंपनीला दिलं.

वाडीवाला

मी "पहिलं" म्हटलंच नाहीये, परत वाचा :) पण मुद्दा बरोबर. पहिलं कोण हा वाद वडापावचं पहिलं दुकान कुठलं तसाच आहे.

मला त्याच्यापेक्षा दुसरं भारी वाटतं. डोल्मार १९९१ ला जपानी मकिताने विकत घेतली. मॅकलॉक १९९९ ला दिवाळखोरीत गेली, आता ते नाव हुस्कवर्नाकडे आहे. मॅकलॉकच्या मालकाचं अवांतर सांगतो, या रॉबर्ट मॅकलॉकने १९६८ मध्ये लंडन ब्रिज विकत घेतला. खरा लंडनचा पूल! साडेचोवीस लाख डॉलरच्या आसपास मोजले, दगडांना नंबर टाकून ॲरिझोनाच्या वाळवंटात नेला आणि स्वतः वसवलेल्या गावात परत उभा केला. १९७१ ला उद्घाटन. आजही तिथे आहे.

आणि १९७१ हेच साल, ज्या साली स्टिल जगात सगळ्यात जास्त खपणारा चेन सॉ ब्रँड झाला. एकाने पूल घेतला, एकाने मॅग्नेशियमची भट्टी.

काडीकुट

हे चांगलं होतं. शस्त्रं खाली ठेवली.

हुस्कीप्रेमी

हुस्कवर्नाचं नाव निघालं म्हणून, ती कंपनी १६८९ ची, स्वीडनच्या राजासाठी बंदुका बनवायची. मग शिलाई मशीन, सायकल, मोटरसायकल सगळं केलं. चेन सॉ १९५९ ला, म्हणजे ज्या वर्षी कॉन्ट्रा आलं त्याच वर्षी. मी दोन्ही वापरतो, भांडण नको, पण नारंगी रंग दोघांचाही कसा हे मला कळलेलं नाही.

नागपुरी संत्रं

मोठ्या जंगलाचं कोणीच बोलत नाही राव. आमचे आजोबा आलापल्लीच्या जंगलात कामाला होते. सागाचं झाड दोघांनी आडव्या करवतीने कापायचं, एकजण ओढणार की दुसरा सोडणार, ढकलायचं नाही, ढकललं की पातं वाकतं. आजोबा म्हणायचे करवतीवरचा जोडीदार बायकोपेक्षा जपून निवडावा लागतो. १९२९ चं ४६ किलोवालं मशीन पण दोघांचंच होतं हे वाचून तेच आठवलं.

आणि तिकडे फिनलंड-स्वीडनमध्ये तर आता चेन सॉ पण मागे पडली, हार्वेस्टर आला. काचेच्या एसी केबिनमध्ये एक माणूस बसतो, क्रेनच्या टोकाचा पंजा झाड पकडतो, बुडाशी कापतो, आडवं करून फांद्या सोलतो, मापाने तुकडे पाडतो. त्यात पण जी साखळी फिरते ती चेन सॉ चीच जाडजूड बहीण आहे. पोन्से नावाची फिनलंडची कंपनी यातली मोठी, १९७० ला व्हिएरेमा नावाच्या छोट्याशा गावात एइनारी विद्ग्रेन नावाच्या लाकूड ठेकेदाराने काढली, बाजारातली मशीन त्याच्या जंगलात टिकेनात म्हणून स्वतःच बनवलं. पोन्से हे गावात भटकणाऱ्या कुत्र्याचं नाव होतं! त्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.

निवांत

कुत्र्याच्या नावाची कंपनी. काढाच धागा. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

सायली

माझा सूर वेगळा लागेल, सांभाळून घ्या. सगळे किती हलकं, किती वेगवान म्हणून खूश होतायत. आमच्या गावात आधी एक मोठं झाड पाडायला चार माणसं दोन दिवस लागायची, तेवढ्यात कोणीतरी यायचं, भांडायचं, तलाठ्याला फोन करायचं. आता शनिवारी दुपारी कळायच्या आत दोन शंभर वर्षांचे रायवळ आंबे गेले रस्त्याकडेचे. सोमवारी ऑफिसं उघडली तेव्हा बुंधे पण नव्हते.

वाडीवाला

नाही सायलीताई, सूर बरोबरच आहे. परवानगीचा कायदा १९६४ पासून आहे आपल्याकडे, पण कायदा चालतो कागदाच्या वेगाने. मी निसर्गच्या वेळी हे मशीन पाहिलं म्हणून मला ते सुटका करणारं वाटतं. तुम्ही ज्या शनिवारी पाहिलंत तिथे मी असतो तर हा धागा काढला नसता.

चाकणकर

धाग्याच्या नावातून चाकण गेलं का? पहिल्यांदा होतं, मी मोबाईलवर पाहिलं होतं :) स्टिलचं भारतातलं ऑफिस आमच्या चाकण एमआयडीसीत आहे. रोज पुढून जातो.

त्यांचं धंद्याचं एक सूत्र मला आवडतं. मशीन दुकानात खोक्यातून हातात देत नाहीत, डीलर विकणार, तोच जोडून चालू करून दाखवणार आणि तोच दुरुस्त करणार. अमेरिकेत तर मोठ्या मॉलवाल्या चेनना माल द्यायचा नाही म्हणून उघड उघड जाहिराती केल्या होत्या २००७ च्या सुमारास, की आमचं मशीन तिथे का मिळत नाही ते विचारा. एवढं मोठं गिऱ्हाईक सोडायला छाती लागते.

आणि आपल्याकडे यांचं खरं नाव झालं ते चेन सॉ ने नाही, गवत कापायच्या मशीनने. आंबा-काजूच्या बागेत पावसाळ्यानंतर जा, खांद्यावर पट्टा आणि हातात लांब दांडा घेतलेला माणूस दिसणारच.

मु.पो.रत्नांग्री

+१. ग्रास कटरच. आधी बेणणीला पंधरा गडी लागायचे, आता गडी मिळतच नाहीत, त्यामुळे मशीन आलं म्हणून गडी गेले की गडी गेले म्हणून मशीन आलं हे कोंबडी-अंड्यासारखं आहे.

डीलरचं म्हणाल तर मी एकदा पैसे वाचवायला ऑनलाईन एक बिननावाचा चेन सॉ मागवला. फोटोत नारंगी, आला तो पण नारंगी. पहिल्याच सरपणाला दोरीचं स्प्रिंग सुटलं. विकणाऱ्याचा नंबर लागेना, गावातला मेकॅनिक म्हणतो याचा पार्टच कुठे मिळत नाही. आता कोंबड्यांच्या खुराड्यावर वजन म्हणून ठेवलाय, त्यासाठी मात्र एक नंबर.

अनघा_

४६ किलो असता तर अजून चांगला बसला असता.

वाडीवाला

:D

बरं मंडळी, एक खाजगी शंका. निसर्गनंतर काकांनी हौसेने एक चेन सॉ घेतलाच. चार फणस आणि एक माड कापला आणि मग मशीन पडवीत टांगलं ते टांगलंच. गेल्या आठवड्यात दोरी ओढून ओढून खांदा गेला माझा, नुसतं फुसफुसतं. टाकीत पेट्रोल आहे.

टू_स्ट्रोक

कधीचं पेट्रोल?

वाडीवाला

काका म्हणतात "भरलेलंच आहे".

टू_स्ट्रोक

भरलेलंच आहे म्हणजे दोन-तीन पावसाळे. आत्ताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातली हवा म्हणजे पाणीच. वर सांगितलेला तो रबरी पडदा असतो ना, तो अशा पेट्रोलमध्ये पडून पडून कडक होतो, मग पेट्रोल मोजत नाही. आधी टाकी पूर्ण रिकामी करा. नवीन पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल, एका लिटरला वीस मिली, बाटलीत हलवून मग भरा. एअर फिल्टर झटका, प्लग काढून पुसा. तरी नाही झालं तर पडदा बदला, महाग नसतो, पण डीलरकडूनच घ्या. आणि पुढच्या वेळी टांगायच्या आधी टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

वाडीवाला

काढलं आत्ता. पाव लिटर निघालं, शेवाळाच्या रंगाचं, वास पेट्रोलचा कमी आणि जुन्या वार्निशचा जास्त. तळाशी पाण्याचा वेगळा थेंब दिसतोय चक्क. काका बाजूला उभे आहेत आणि म्हणतायत की पेट्रोल फेकू नको, महाग आहे.

श्वाबियाकर

काकांना इकडे पाठवा. इथलेच वाटतात.